लाइव्ह सर्चचं बिंग झालं तेव्हा: जून २००९ मधल्या पहिल्या ठशाचा अभ्यास

२८ मे २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड इथं भरलेल्या ‘ऑल थिंग्ज डिजिटल’ परिषदेत मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी बिंग हे सर्च इंजिन जगासमोर ठेवलं. ते सगळ्यांसाठी खुलं होण्याची तारीख ३ जून ठरली होती, पण १ जूनपासूनच लोकांना ते वापरता येऊ लागलं. योगायोग असा की त्याच २८ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत गूगलनं आपल्या परिषदेत ‘वेव्ह’ या ऑनलाइन संवादाच्या नव्या सेवेची घोषणा केली आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांची जागा त्या दिवशी दोघांत वाटली गेली. सव्वा वर्षात गूगलनं वेव्हचं काम थांबवलं. बिंग आजही चालू आहे.

बिंग हे नवं सर्च इंजिन नव्हतं. मायक्रोसॉफ्टचं ‘लाइव्ह सर्च’ नावाचं इंजिन होतं, त्याला नवं नाव, नवं रूप आणि काही नवे अवयव दिले गेले. त्यामुळे हे प्रकरण बारकाईनं पाहण्याजोगं आहे. एरवी नवं उत्पादन आलं की लोकांना नाव आवडलं की वस्तू, हे वेगळं काढता येत नाही. इथं जुनी वस्तू माहीत होती, तिच्याबद्दलचं लोकांचं मत माहीत होतं, बाजारातला तिचा हिस्सा मोजलेला होता. नाव बदलल्यावर यातलं काय हललं आणि काय जागचं हललं नाही, हे आकड्यांसकट तपासता येतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पहिल्या आठवड्यात बिंगच्या ज्या गोष्टींचं कौतुक झालं, त्यातल्या बऱ्याचशा लाइव्ह सर्चमध्ये आधीपासून होत्या. तिथं त्या कुणाच्या नजरेत भरल्या नाहीत. नवं नाव आल्यावर लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाव बदलण्याचा निर्णय त्यामुळे शंभर टक्के योग्य होता. चूक झाली ती पुढं, पहिला ठसा आणि रोजची सवय या दोन गोष्टी एकाच जागी घडतात असं धरून चालल्यामुळे.

नावांची गर्दी

१९९८ मध्ये ‘एमएसएन सर्च’ सुरू झालं तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचं शोधतंत्र नव्हतं. निकाल इंक्टोमीसारख्या कंपन्यांकडून घेतले जात. गूगल कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली. स्वतः वेब पिंजून काढणारं, स्वतःची अनुक्रमणिका बाळगणारं इंजिन मायक्रोसॉफ्टनं अधिकृतपणे आणलं ते फेब्रुवारी २००५ मध्ये. मधली सहा-सात वर्षं गूगलला मोकळी मिळाली आणि तेवढ्या काळात ‘गूगल कर’ हे रोजच्या बोलण्यात रुळलं. या उशिरात नावाचा काही दोष नव्हता.

नावाचा दोष सुरू झाला २००६ मध्ये. मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज लाइव्ह’ नावाची छत्री उघडली आणि तिच्याखाली मेल, मेसेंजर, अँटिव्हायरस असं सगळं आणलं. एमएसएन सर्चचं ‘विंडोज लाइव्ह सर्च’ झालं. मार्च २००७ मध्ये शोधाचा विभाग या छत्रीतून बाहेर काढला आणि नाव उरलं ‘लाइव्ह सर्च’. तिकडे खेळांसाठी ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ होतं, छोट्या उद्योगांसाठी ‘ऑफिस लाइव्ह’ होतं. ‘लाइव्ह’ म्हटल्यावर नेमकं काय, हे साध्या माणसाला सांगता येईना. पत्त्याचाही घोळ होता. लाइव्ह डॉट कॉमवर जायचं, सर्च डॉट लाइव्ह डॉट कॉमवर जायचं, की जुन्या एमएसएनच्या पानावरूनच शोधायचं? जे नाव मित्राला फोनवर सांगताना दोनदा समजावून द्यावं लागतं, ते तोंडोतोंडी पसरत नाही.

पैशाच्या जोरावर हे सुटतं का, तेही करून पाहिलं गेलं. १ फेब्रुवारी २००८ रोजी मायक्रोसॉफ्टनं अख्खी याहू विकत घ्यायची तयारी दाखवली, ४४.६ अब्ज डॉलरला. मे महिन्यात बोलणी फिसकटली. त्याच मे महिन्यात ‘कॅशबॅक’ योजना आली: लाइव्ह सर्चमधून शोधून वस्तू खरेदी केली, तर किमतीचा काही भाग ग्राहकाला परत. लोकांना शोधासाठी पैसे द्यावे लागताहेत, हीच गोष्ट नावाची पत किती घसरली होती ते सांगते. ही योजना बिंगमध्येही चालू राहिली आणि २०१० मध्ये बंद झाली.

एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे कामाची जमवाजमव होत होती. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘फेअरकास्ट’ ही कंपनी घेतली. विमानाचं भाडं येत्या दिवसांत चढेल की उतरेल याचा अंदाज ती देत असे. जुलैमध्ये ‘पॉवरसेट’ घेतली. साध्या वाक्यात विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ लावून विकिपीडियातून उत्तर काढण्याचं तंत्र तिनं उभं केलं होतं. डिसेंबरात याहूमध्ये शोधतंत्रावर वर्षानुवर्षं काम केलेले ची लू यांना ऑनलाइन विभागाचे प्रमुख म्हणून आणल्याचं जाहीर झालं. अभियांत्रिकीच्या बाजूला नेतृत्वात होते हैदराबादेत वाढलेले सत्य नडेला. पुढं २०१४ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्या मागच्या कामाच्या यादीत बिंग होतं. २००९ च्या सुरुवातीला कंपनीच्या आत ‘कुमो’ या टोपणनावानं नव्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि त्याची चित्रं बाहेरही आली होती.

मुखपृष्ठ

पान उघडलं की पडदाभर छायाचित्र. मध्ये शोधाची चौकट, वर निळ्या अक्षरांतलं छोटंसं ‘बिंग’ आणि त्यातल्या एका अक्षरावरचा ठिपका नारिंगी. चित्रावर माऊस फिरवला की ठिकठिकाणी लहान चौकोन उमटत आणि त्या जागेबद्दल, प्राण्याबद्दल, इमारतीबद्दल एखादी ओळ दिसे. तिच्यावर क्लिक केलं की त्या विषयाचा शोध सुरू. दुसऱ्या दिवशी नवं चित्र.

जवळजवळ प्रत्येक परीक्षणाची सुरुवात या चित्रापासून झाली आणि ते साहजिक होतं. गूगलचं पांढरं पान दहा वर्षं पाहिलेल्या डोळ्यांना हा मोठा बदल होता. पण चित्र आणि त्यावरचे चौकोन लाइव्ह सर्चच्या मुखपृष्ठावर २००८ मध्येच आले होते. प्रतिमांच्या शोधात पानामागून पान न उलटता खाली सरकत राहण्याची सोय तर २००६ पासूनची. फेअरकास्टचे अंदाजही लाइव्ह सर्चला जोडलेले होते. बिंगच्या स्वागतात या सगळ्याची नोंद ‘नवं’ म्हणून झाली. परीक्षकांना मी दोष देत नाही. लाइव्ह सर्च उघडून पाहण्याचं कारणच त्यांना कुणी दिलं नव्हतं. उत्पादनाला ‘हे आम्हाला माहीत आहे, यात काही नाही’ असा शिक्का बसला, की त्यात घातलेली भर दिसेनाशी होते. तो शिक्का पुसण्याचं काम नव्या नावानं केलं.

चित्रानं आणखी एक काम केलं. हातात काही शोध नसतानाही पान उघडण्यासाठी त्यानं लोकांना कारण दिलं. आज कोणतं चित्र आहे ते पाहायला येणारी माणसं होती, आणि त्यातली काही तिथूनच पुढचा शोध करत असणार. शोधाच्या धंद्यात असं दुसरं आमिष त्या वेळी कुणाकडे नव्हतं.

मात्र इथंच पहिली अडचण आहे, आणि तेव्हाच्या परीक्षणांत तिची चर्चा फारशी झाली नाही. २००९ पर्यंत खूप लोक सर्च इंजिनच्या मुखपृष्ठावर जातच नव्हते. फायरफॉक्सच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शोधाची चौकट होती, इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आणि आठव्या आवृत्तीतही होती. शब्द तिथंच टाकायचा आणि थेट निकालाच्या पानावर पोहोचायचं. फायरफॉक्सच्या चौकटीत आधीपासून गूगल बसलेलं होतं. मायक्रोसॉफ्टनं सगळं सौंदर्य ज्या पानावर ओतलं, ते पान मुद्दाम पत्ता टाकून येणाऱ्यालाच दिसत होतं. परीक्षक मुद्दाम पत्ता टाकूनच आले होते. त्यांचा पहिला ठसा आणि वापरणाऱ्याचा पहिला ठसा त्यामुळे वेगवेगळ्या पानांवर पडला.

मायक्रोसॉफ्टला ब्राउझरमधल्या जागेचं महत्त्व कळत नव्हतं असं मुळीच नाही. जानेवारी २००९ मध्ये बाल्मर यांनी डेलच्या संगणकांसाठी आणि व्हेरायझनच्या फोनसाठी शोधाचे करार जाहीर केले होते. बिंगच्या यशापयशात या करारांचा वाटा छायाचित्रापेक्षा मोठा असेल असं मला वाटतं, पण करारांचं कौतुक कुणी परीक्षणात करत नाही.

‘निर्णयाचं इंजिन’

जाहिरातीत बिंगला सर्च इंजिन म्हटलं जात नव्हतं. म्हणायचं होतं ‘निर्णयाचं इंजिन’. त्यामागे मायक्रोसॉफ्टनं एक निरीक्षण ठेवलं होतं. जवळपास ३० टक्के शोध समाधानकारक उत्तर न मिळताच सोडून दिले जातात, आणि उरलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश शोधांत शब्द बदलून पुन्हा शोधावं लागतं. मला हे निदान पटतं. शोधणारा माणूस दुव्यांसाठी आलेला नसतो. त्याला कॅमेरा घ्यायचा असतो, तिकीट काढायचं असतं, आजाराबद्दल समजून घ्यायचं असतं.

या निदानावर बिंगनं दिलेला उपचार म्हणजे निकालाच्या पानावरची डावी पट्टी. हा या बदलातला खरोखरच नवा भाग होता. एखाद्या गायकाचं नाव टाकलं की पट्टीत गाणी, गीतांचे शब्द, कार्यक्रमांची तिकिटं, चरित्र, व्हिडिओ असे विभाग येत. मोटारीचं नाव टाकलं की सुटे भाग, जुन्या गाड्या, अडचणी, परीक्षणं. निकालही त्याच विभागांत मांडलेले असत. माणूस पुढं काय विचारणार आहे याचा अंदाज आधीच्या लाखो शोधांवरून बांधलेला असे. खाली मिळतेजुळते शोध आणि आपण आधी केलेल्या शोधांची यादी. पट्टी सतत डोळ्यांसमोर राहत असल्यानं शब्द बदलून पुन्हा टंकण्याचे कष्ट वाचत.

दुसरी नवी गोष्ट: निकालाच्या उजव्या कडेला माऊस नेला की एक छोटी चौकट उघडे. त्यात त्या पानावरचा थोडा मजकूर आणि आतले काही दुवे. पान न उघडताच ते कामाचं आहे की नाही हे कळे. कुरिअर कंपनीचं नाव टाकलं तर ग्राहकसेवेचा फोन नंबर वरच दिसे. दररोज बारीकसारीक माहिती शोधणाऱ्या माणसासाठी ही सोय सोन्यासारखी होती. बिंगमधल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, कारण तिच्यात वापरणाऱ्याच्या वेळेबद्दल आदर आहे.

तरीही डावी पट्टी प्रत्येक शोधाला येत नसे. गाजलेली नावं, शहरं, वस्तू, आजार यांना ती भरगच्च असे. जरा आडबाजूचा विषय टाकला की पट्टीत नुसते मिळतेजुळते शोध उरत आणि पान बरंचसं गूगलच्या पानासारखं दिसे. पहिल्या दिवशी येणारा माणूस कोणता शोध करतो, यावर त्याला कोणतं बिंग दिसणार हे ठरत होतं.

आणि पहिल्या दिवशी माणूस काय शोधतो? स्वतःचं नाव, आपल्या कंपनीचं नाव, आपल्या गावाचं नाव. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे ते शोधून इंजिनाची परीक्षा घेण्याची ही पद्धत सगळीकडे आहे आणि सर्च इंजिन जोखायला ती सर्वांत निरुपयोगी आहे. बिंगचा दावा निर्णयाला मदत करण्याचा होता. स्वतःचं नाव शोधताना घ्यायचा निर्णय कुठला? ज्या पानावर बिंग सर्वांत कच्चं होतं तिथंच त्याची पहिली परीक्षा झाली. मायक्रोसॉफ्टनं मुखपृष्ठावरच ‘इथून विमानभाडं पाहा, या दोन कॅमेऱ्यांची तुलना करा’ असे चार तयार शोध ठेवले असते, तर पहिला ठसा वेगळा पडला असता.

व्हिडिओच्या शोधात एक गोष्ट उलटली. छोट्या चित्रावर माऊस नेला की व्हिडिओ तिथंच चालू होई. मंचावर दाखवायला ही करामत उत्तम होती. पण सुरक्षित शोधाची सेटिंग बंद केली की अश्लील व्हिडिओही त्याच चौकटीत, मूळ साइटवर न जाता दिसू लागत. शाळा आणि पालक ज्या गाळण्या वापरत त्या साइटचा पत्ता पाहून अडवत. इथं पत्ता बिंगचाच असल्यानं त्या फसत. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं असा मजकूर वेगळ्या पत्त्यावर हलवला, म्हणजे गाळण्यांना तो ओळखता यावा. दुरुस्ती लवकर झाली, हे मान्य. पण माऊस नेताच चालणारा व्हिडिओ शाळेच्या संगणकावर काय दाखवेल, हा विचार सोडण्याआधी व्हायला हवा होता. चीननं तर २ जूनच्या सुमारास, तिआनानमेन घटनेच्या विसाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर, ट्विटर आणि हॉटमेलसोबत बिंगही अडवलं होतं. तो भाग मायक्रोसॉफ्टच्या हातातला नव्हता.

अमेरिकेबाहेरून पाहिलेलं बिंग

वर वर्णन केलेलं बिंग अमेरिकेतलं. इतर देशांत ते ‘बीटा’ची, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीची, पाटी लावून उघडलं आणि त्यात निम्मं सामान नव्हतं. ब्रिटनसारख्या इंग्रजी बाजारातसुद्धा ही पाटी उतरायला नोव्हेंबर २००९ उजाडला. विमानभाड्याचे अंदाज अमेरिकेतून निघणाऱ्या प्रवासापुरते, कॅशबॅक अमेरिकेतल्या दुकानांपुरती. मुंबई-पुण्यात बसून बिंग उघडणाऱ्याला छायाचित्र मिळत होतं, निर्णयाचं इंजिन मिळत नव्हतं.

छायाचित्राचीही इथं किंमत मोजावी लागे. त्या काळात भारतात २५६ केबीपीएस वेग असला की सरकारी व्याख्येनुसार त्याला ब्रॉडबँड म्हणत. बीएसएनएलच्या घरगुती योजनांत महिन्याला ठरावीक डेटा मिळे आणि रात्री २ ते सकाळी ८ या वेळेत तो मोकळा असे, म्हणून मोठ्या फाइली उतरवायला लोक गजर लावून उठत. अशा जोडणीवर पडदाभर चित्र घेऊन येणारं पान आणि गूगलचं जवळजवळ रिकामं पान यांची तुलना सायबर कॅफेतल्या माणसाला करावी लागत नव्हती. कोणतं आधी उघडतं ते समोर दिसे.

मराठीत शोधणाऱ्यासाठी अंतर आणखी मोठं होतं. गूगलच्या भारतातल्या पानावर शोधाच्या चौकटीखाली हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांच्या ओळीत ‘मराठी’ हा दुवा होता. त्यावर क्लिक केलं की सगळं पान मराठीत. पॉवरसेटचं तंत्र इंग्रजी वाक्यांवर आणि इंग्रजी विकिपीडियावर उभं होतं. मराठी वेब तेव्हा नुकतं युनिकोडवर, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीवर, स्थिरावत होतं. ब्लॉग, मायबोली आणि मनोगतसारखी संकेतस्थळं, मराठी विकिपीडिया यांचा मजकूर सर्च इंजिनला दिसू लागला होता, तर जुन्या खास फाँटांत अडकलेली वृत्तपत्रांची पानं त्याला दिसतच नव्हती. या वाचकाकडे नव्या इंजिनानं लक्ष दिलं असतं तर जागा मोकळी होती असं मला आजही वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या भाषांतर सेवेत मराठी आली ती २०२० मध्ये.

पहिला ठसा पुसता येत नाही म्हणतात, पण अर्धवट रूपात पडलेला ठसा त्याहून वाईट. ज्यानं जून २००९ मध्ये पुण्यातून बिंग पाहिलं आणि ‘चित्र छान आहे’ म्हणून बंद केलं, त्याला पुढं पूर्ण बिंग आल्याचं कळवणारी दुसरी मोठी जाहिरात मोहीम झाली नाही. अमेरिकेबाहेर बिंग उघडण्याआधी थांबायला हवं होतं.

नावं झाकून घेतलेली परीक्षा

जूनमध्येच मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या हौसेनं एक छोटं साधन बनवलं. शब्द टाकला की तीन स्तंभांत तीन इंजिनांचे निकाल येत, पण कोणता स्तंभ गूगलचा, कोणता याहूचा आणि कोणता बिंगचा ते झाकलेलं असे. आवडलेल्या स्तंभाला मत द्यायचं, मग नाव उघड होई. सुरुवातीच्या मतांत गूगल पहिलं आलं, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. बिंगला सुमारे एक तृतीयांश मतं पडली.

ही काही शिस्तबद्ध पाहणी नव्हती. मत देणारे बहुतेक तंत्रज्ञानातले, आणि शोध तेच, स्वतःच्या नावाचे. तरीही ते बाजारातल्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावं. इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या कॉमस्कोर या कंपनीच्या मोजणीनुसार मे २००९ मध्ये अमेरिकेतल्या शोधांपैकी ६५.० टक्के गूगलवर होत होते आणि मायक्रोसॉफ्टवर ८.० टक्के. नाव झाकलं तर तीनातला एक माणूस बिंगचे निकाल निवडतो. नाव दिसत असेल तर बारातला एकही धड निवडत नाही. मधली दरी सगळीच नावाची आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यात ब्राउझरमधली चौकट आहे, सवय आहे, आणि आडवाटेच्या शोधांत गूगलची खरीखुरी आघाडीही आहे. पण निकालांच्या दर्जातला फरक एकट्यानं एवढी दरी पाडू शकत नाही, इतकं या साध्या साधनानं दाखवून दिलं. लाइव्ह सर्चचं दुखणं बऱ्याच अंशी नावाचं होतं, या निदानाला यातून चांगला आधार मिळतो.

नावानं काय हललं

बिंगच्या जाहिरात मोहिमेचं बजेट ८० ते १०० दशलक्ष डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. जाहिरातींत गूगलचं नाव नव्हतं. साधा प्रश्न विचारला की समोरचा माणूस असंबद्ध माहितीचा भडिमार करतो, असं त्यात दाखवलेलं होतं. शोधानं माणसं बेजार झाली आहेत हा संदेश. गंमत म्हणून पाहिल्या गेल्या तरी त्यांत एक प्रश्न अनुत्तरित राहिला: खरंच बेजार झाले होते का लोक? माझ्या पाहण्यातली बहुतेक माणसं गूगलवर खूश होती. उत्तर मिळालं नाही तर त्यांना वाटे की आपणच शब्द नीट टाकले नाहीत. सर्च इंजिनचा दोष ते स्वतःवर घेत. अशा ग्राहकाला ‘तू त्रासलेला आहेस’ असं सांगून आपल्याकडे वळवणं फार कठीण.

४ जूनला स्टॅटकाउंटर या दुसऱ्या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत बिंग एका दिवसापुरतं याहूच्या पुढं गेलं आणि मथळे झळकले. कुतूहल ओसरल्यावर ते पुन्हा मागं आलं. कॉमस्कोरचे महिन्याचे आकडे जास्त विश्वासाचे: जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचा हिस्सा ८.४ टक्के, जुलैत ८.९, ऑगस्टमध्ये ९.३. वर्षानुवर्षं घसरत आलेल्या इंजिनाला सलग तीन महिने चढ मिळाला. हे छोटं यश नव्हतं. नावानं लोकांना दारापर्यंत आणलं आणि त्यातले काही थांबलेही.

गूगलनंही दखल घेतली, बोलून नव्हे तर कृतीनं. मे २०१० मध्ये गूगलच्या निकालांच्या पानावर कायमची डावी पट्टी आली. जूनमध्ये गूगलनं मुखपृष्ठावर मोठी चित्रं लावून पाहिली आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींमुळे दिवस संपायच्या आत ती उतरवली. जुलैत प्रतिमांच्या शोधात खाली सरकत राहण्याची सोय आली. पांढऱ्या पानाशी लोकांचं नातं किती घट्ट झालं होतं ते त्या चित्रांवरच्या तक्रारींतून कळतं. बिंगवर जे चित्र लोकांना आवडलं होतं तसंच चित्र गूगलवर त्यांना नको होतं.

२९ जुलै २००९ रोजी मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. दीड वर्षापूर्वी जी कंपनी विकत घेता आली नव्हती तिचे शोध आता बिंगच्या इंजिनावर चालणार होते. शोधाच्या धंद्यात हे फार मोलाचं असतं. जास्त शोध म्हणजे लोक कोणत्या दुव्यावर क्लिक करतात याची जास्त नोंद, तिच्यातून निकालांचा क्रम सुधारतो, आणि जाहिरातदारही मोठ्या बाजारात येतात. लहान इंजिनाला नेमकी ही नोंदच कमी पडते.

ती किती कमी पडत होती याचा पुरावा १ फेब्रुवारी २०११ ला पुढं आला. गूगलच्या अभियंत्यांनी निरर्थक अक्षरांचे सुमारे शंभर शब्द तयार केले, त्यांच्यासाठी गूगलवर मुद्दाम भलतीच पानं जोडली आणि इंटरनेट एक्सप्लोररमधून ती शोधून त्यांवर क्लिक केलं. काही आठवड्यांत त्यातल्या मोजक्या शब्दांसाठी बिंगही तीच भलती पानं दाखवू लागलं. गूगलनं याला नक्कल म्हटलं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं की परवानगी दिलेल्या वापरणाऱ्यांच्या क्लिकची नोंद हा आम्ही वापरत असलेल्या अनेक खुणांपैकी एक आहे. तांत्रिकदृष्ट्या मायक्रोसॉफ्टचं म्हणणं मला समजतं. ज्या शब्दाबद्दल वेबवर दुसरं काहीच नाही, तिथं एकच खूण उरते आणि तीच निकाल ठरवते. पण दोन वर्षं कष्टानं कमावलेल्या नावाला याचा डाग लागला. निर्णयाला मदत करणारं इंजिन स्वतःचा निर्णय दुसऱ्याकडून घेतं, एवढंच सामान्य वाचकाच्या लक्षात राहिलं.

डिसेंबर २०११ मध्ये कॉमस्कोरच्या यादीत बिंग पहिल्यांदा याहूच्या पुढं गेलं: मायक्रोसॉफ्ट १५.१ टक्के, याहू १४.५. जून २००९ च्या तुलनेत हिस्सा जवळजवळ दुप्पट. त्याच महिन्यात गूगल ६५.९ टक्क्यांवर होतं, म्हणजे अडीच वर्षांपूर्वीच्या ६५.० पेक्षा थोडं वरच. याहू याच काळात १९.६ वरून खाली आलं होतं. बिंगकडे आलेल्यांत मोठा वाटा याहू सोडून आलेल्यांचा होता, आणि अमेरिकेत याहूचे निकाल ऑगस्ट २०१० पासून बिंगच पुरवत होतं. ही माणसं निकाल त्याच इंजिनाचे पाहत राहिली, फक्त दुसऱ्या दारानं येऊन. २०१०-११ या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन विभागाचा तोटा अडीच अब्ज डॉलरच्या वर गेला होता, त्यामुळे या दार बदलण्याला हिशेबात अर्थ होता: पहिल्या पाच वर्षांसाठी याहूच्या पानांवरून आलेल्या शोधउत्पन्नातले ८८ टक्के याहूला द्यायचे होते, आणि तोच माणूस थेट बिंगवर आला तर त्यातलं काहीच याहूला द्यावं लागत नव्हतं.